नापिकीच्या वर्षी देवाचे मागचे उपकार कसे आठवावेत?

धुऱ्यावरचा कास्तकार (धागाकर्ता, यवतमाळ जिल्हा)

सर्वांना सलाम.

आमच्या गावातल्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत कापसाचा पहिला वेचा घरी आला की हंगामाची उपकारस्तुती होते. कोणी टोपलीभर कापूस, कोणी सोयाबीन, कोणी परसातला भोपळा वेदीपुढे आणून ठेवतो, आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होऊन पैसे मंडळीच्या खर्चाला जातात. यंदा सोयाबीन काढणीला आले आणि पाऊस लागून राहिला. उभ्या झाडावर शेंगांना कोंब फुटले. ज्यांनी कापून गंजी लावली होती त्यांच्या गंजीतून वाफ निघू लागली, आणि मळणीयंत्रवाल्याने आत हात घालून पाहून "यातून माझं भाडंही निघत नाही" असे सांगत यंत्र पुढच्या गावाला नेले. पऱ्हाटीची खालची बोंडे सडली आहेत. अशा वर्षी उपदेशाची पाळी माझ्याकडे आली आहे, आणि पाळकसाहेबांनी विषय दिला आहे बायबलातल्या स्तोत्र १०३ मधला: त्याचे सर्व उपकार विसरू नको.

विषय ऐकताच मंडळीतल्या एका भावाने विचारले, "मागचं खरं आहे जी, पण मागच्या उपकारावर बँकवाला थांबते काय?" या प्रश्नात मला उर्मटपणा दिसला नाही. आपल्याकडे 'मागचे उपकार आठवा' हे वाक्य बहुतेक वेळा समोरच्याचे रडणे आवरण्यासाठी वापरले जाते, आणि ज्याला ते ऐकावे लागते त्याला ते नेमके कळते.

शास्त्रात मात्र आठवण इतकी सोपी नाही. स्तोत्र ७७ मध्ये आसाफ रात्रभर हात पसरून बसला आहे, त्याचा डोळा लागत नाही, आणि देवाची आठवण येताच तो कण्हतो. आपण रात्री गात होतो ती गाणी त्याला आठवतात आणि त्यांतूनच त्याचे प्रश्न उठतात: प्रभू कायमचा टाकणार काय, कृपा करायचे देव विसरला काय? मंदिरात गाणारा माणूस हे विचारतो आहे. पुढे तो स्वतःच्या सुखाच्या दिवसांवरून नजर काढून पूर्वजांच्या सुटकेकडे नेतो, समुद्र दुभंगल्याच्या रात्रीकडे, आणि तेथेही लिहितो की देवाची वाट पाण्यातून गेली पण त्याची पावले कोणाला दिसली नाहीत. मोशे आणि अहरोन यांच्या हातून लोकांना कळपासारखे नेले, एवढे सांगून स्तोत्र थांबते. आसाफाचे संकट टळले की नाही, याबद्दल अक्षर नाही.

तुमच्या मंडळीत, तुमच्या घरात अशा वर्षी मागची आठवण कशी काढतात, हे कृपया सांगावे. तयार उपदेश पाठवू नयेत, ते व्हॉट्सअ‍ॅपवर भरपूर येतात.

निवृत्त गुरुजी (दारव्हा)

आपल्या भागातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांची आठवण दुष्काळापासून सुरू होते. १८९६-९७ चा दुष्काळ सरतो न सरतो तोच १८९९-१९०० चा आला, त्याला जुनी माणसे संवत १९५६ वरून छप्पन्नचा दुष्काळ म्हणत. मध्य प्रांत आणि वऱ्हाड दोन्हीकडे माणसे भुकेने आणि रोगराईने गेली. मिशनांनी अनाथ मुलांसाठी आश्रम उघडले, आणि त्या मुलामुलींतून पुढे शिक्षक, बायबलबाया (घरोघरी बायबल वाचून दाखवणाऱ्या बाया), पाळक निघाले. माझी पणजी त्यांतलीच. तिच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईबापांचा रकाना कोरा आहे.

आजोबा तिची गोष्ट सांगत तेव्हा तिचे दोन भाग असत. पहिला असा की वाटेच्या कडेला पडलेल्या तिला कोणीतरी उचलून बंडीत घातले. दुसरा असा की तिच्या पाठच्या भावाला उचलायला कोणी आले नाही. हा दुसरा भाग त्यांनी कधी गाळला नाही, अगदी नाताळच्या जेवणावर बसल्यावरसुद्धा. "प्रभूने आम्हांला राखलं" असे ते डोळे मिटून म्हणत, पण आम्हांलाच का राखले, याचे उत्तर आपल्या खिशात असल्याचा आव त्यांनी कधी आणला नाही. मला वाटते, आठवण काढण्याची खरी रीत मी त्यांच्याकडून शिकलो, पाळक घडवणाऱ्या सेमिनरींतून नव्हे.

मंडळीच्या इतिहासाचेही तसेच. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले, त्यांनी शाळा काढली, आणि ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटाहून परतताना पुराच्या पाण्यात ते बुडाले. त्यांच्या नावाचे महाविद्यालय उभे राहिले १८८३ साली. मधल्या वीस वर्षांत त्यांच्या पत्नीला कोणी "यातून देव चांगलेच करील" असे सांगितले असेल तर तिला काय वाटले असेल, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो. वर्धापनदिनाला महाविद्यालय आठवायचे आणि पूर विसरायचा, हे मला पटत नाही.

रात्रपाळीची परिचारिका (अमरावती जिल्हा)

गुरुजींच्या पणजीच्या भावाबद्दल वाचले आणि लिहिल्याशिवाय राहवले नाही.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, ते सर्वांना आठवत असेल. तेव्हा मी त्याच भागात कामाला होते. रुग्ण यायचे ते घामाने निथळत, तोंडाला फेस, आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या आकसलेल्या. बाहुली मोठी होते का, छातीतली घरघर कमी होते का, हे पाहत अ‍ॅट्रोपिन हा उतारा देत राहायचे, हाच रात्रभराचा उद्योग होता. एकाच वावरात, एकाच टाकीतले औषध फवारणारे दोघे शेजारशेजारच्या खाटांवर होते. एक घरी गेला. दुसरा गेला नाही. पुढे एका रविवारी साक्षीच्या वेळी, म्हणजे देवाने काय केले ते मंडळीपुढे सांगताना, पहिल्याच्या आईने उभे राहून देवाचे आभार मानले, तिने ते मानायलाच हवे होते. पण दुसऱ्याची बायको त्याच सतरंजीवर बसलेली होती, आणि त्या खोलीत तिच्यासाठी एक शब्द कोणाजवळ नव्हता.

आपल्या साक्षींत फक्त सुटलेल्यांची नावे येतात. शास्त्र असे करत नाही. प्रेषितांची कृत्ये १२ मध्ये हेरोद राजा प्रेषित याकोबाला तलवारीने मारतो आणि त्याच अध्यायात देवदूत पेत्राला तुरुंगातून बाहेर काढतो. याकोबाच्या घरच्यांनी प्रार्थनेत कसूर केली होती, असे तेथे कोणी म्हणत नाही. इब्री लोकांस पत्राच्या ११ व्या अध्यायात विश्वासाने काही जण तलवारीच्या धारेपासून निसटले आणि तीनच वचने पुढे काही जण तलवारीने मारले गेले, दोघांचीही नोंद एकाच यादीत, एकाच विश्वासाच्या खाती.

नागपूरकर (मूळ गाव पुसद तालुका)

ताई, मग साक्षी बंद कराव्यात असे तुमचे म्हणणे आहे काय? त्या आईने तोंड शिवून बसायचे काय?

रात्रपाळीची परिचारिका

नाही भाऊ, तिने उभे राहावेच. मंडळीने मात्र तेवढ्यावर "आमेन" म्हणून पुढचे गीत घेऊ नये. स्तोत्रांच्या पुस्तकात १०३ आहे तसे ८८ ही आहे, आणि ते अंधारातच संपते. माझ्या उभ्या आयुष्यात मी ते उपासनेत वाचलेले ऐकले नाही.

नागपूरकर

मान्य. माझे वेगळेच दुखणे आहे, तेही याच विषयातले. अलीकडे तंबूत सभा घेणारे काही उपदेशक मागच्या उपकारांचा उपयोग वसुलीसाठी करतात. देवाने मागे दिले ना, मग आता विश्वासाचे बी पेरा, म्हणजे पाकिटात नोटा घाला, शंभरपट उगवेल. ज्याने एकाच पावसाळ्यात दुबार पेरणी करून दुकानदाराची उधारी वाढवून घेतली आहे त्याच्यापुढे बियाण्याचा दाखला देताना यांची जीभ कशी चळत नाही, कोण जाणे. आमच्या काकांनी अशा सभेत बैलजोडीच्या पैशांतून दान दिले, आणि पीक गेल्यावर त्यांना उत्तर मिळाले की तुमचा विश्वास कमी पडला.

यावरून बायबलातल्या अनुवाद या पुस्तकाचा ८ वा अध्याय पुन्हा वाचला. चाळीस वर्षे अंगावरचे कपडे जीर्ण झाले नाहीत, पाय सुजले नाहीत, हे आठव, असे मोशे सांगतो. पण तो हे कोणाला सांगतो आहे? जे आता गहू, जव, द्राक्षांच्या देशात शिरणार आहेत त्यांना. पोट भरेल, चांगली घरे बांधाल, गुरेढोरे वाढतील, तेव्हा माझ्याच हाताच्या बळाने हे मिळाले असे म्हणू नका, हा त्याचा रोख आहे. म्हणजे उपकार विसरण्याचा धोका मोशेला भरल्या कोठारात दिसतो. आपण हा अध्याय नेमका रिकाम्या कोठारासमोर उभ्या असलेल्या माणसाला वाचून दाखवतो आणि कापसाला चांगला भाव मिळालेल्या वर्षी ट्रॅक्टरच्या पूजेसारखी त्याची प्रार्थना करून मोकळे होतो.

वावरवाली माय (दिग्रस तालुका)

मी येथे फक्त वाचत असते. आज लिहिते.

माझे मालक कर्जापायी गेले. कसे गेले ते येथे लिहीत नाही, विदर्भातल्या माणसाला ते सांगावे लागत नाही. सरकारच्या एक लाखाच्या मदतीसाठी अर्ज केला तेव्हा सातबारा सासऱ्यांच्या नावावर होता, त्यामुळे प्रकरण पहिल्यांदा अपात्र ठरले. त्या दिवसांत घरी येणारा प्रत्येक जण सांगायचा की, माय, देवाने तुला कधी सोडले नाही, आताही सोडणार नाही. मी मान हलवायची. आठवायचे म्हटले तरी मला काही आठवत नव्हते. लग्न आठवत नव्हते, पोरांचे जन्म आठवत नव्हते, फक्त ती एक सकाळ आठवत होती. ज्याच्यावर बेतली आहे त्याला आठव म्हणून सांगू नका, त्याच्या डोक्यात जागा नसते. तुम्ही त्याच्यासाठी आठवून ठेवा.

मंडळीतल्या दोन भावांनी माझ्या वावरात डवरणी केली. बैलजोडी शेजारच्या पाटलांची होती, ते ख्रिस्ती नाहीत, त्यांनी भाडे घेतले नाही आणि वैरणही स्वतःची आणली. भगिनी मंडळातल्या एका बाईने माझ्यासोबत कागद घेऊन किती हेलपाटे घातले याचा हिशेब तिनेही ठेवला नाही. मी मात्र ठेवला. भिंतीवरच्या कॅलेंडरात गॅस सिलिंडर आणि दुधाचा हिशेब लिहायची जागा असते, तेथे त्या त्या तारखेला लिहीत गेले: डवरणी झाली, तुरीची डाळ आली, पोराची फी भरली, आणि पुढे नाव. तेव्हा यात देव कोठे आहे हे मला सांगता आले नसते. ते कॅलेंडर मी फेकले नाही. पोरगा दहावीला गेला तेव्हा त्याने पाने उलटून विचारले की ही कोण माणसे, आणि मग सांगता सांगता मलाच उमगत गेले.

म्हणून धागाकर्त्या भावाला माझी विनंती आहे. उपदेशात "देवाने राखले" एवढेच म्हणू नका. कोणाच्या हाताने राखले ते सांगा, आणि जेथे राखले नाही असे वाटते तेथे तसे म्हणा.

पाच गावांचा पाळक (वाशीम जिल्हा)

माय, तुमच्या पोराने विचारले तोच प्रश्न यहोशवा ४ मध्ये आहे. यार्देन नदीच्या पात्रातून बारा धोंडे उचलून आणले ते यासाठीच की पुढे मुले विचारतील, हे धोंडे कशाचे. धोंडे बोलत नाहीत, सांगणारा घरात असावा लागतो. शास्ते २ मध्ये यहोशवाच्या पिढीनंतर परमेश्वराने केलेली कामे माहीत नसलेली पिढी उठली असे लिहिले आहे, तेव्हा ते धोंडे तेथेच पडलेले असणार.

शमुवेल संदेष्ट्याच्या धोंड्यावर आम्ही पाळक फार उपदेश करतो, मीही करतो. १ शमुवेल ७ मध्ये पलिष्ट्यांचा मोड झाल्यावर त्याने धोंडा उभारून एबन-एजर (साहाय्याचा धोंडा) हे नाव दिले आणि येथवर परमेश्वराने साहाय्य केले असे म्हटले. पण तीन अध्याय मागे जाऊन पाहा. चौथ्या अध्यायात इस्राएल याच नावाच्या ठिकाणी तळ देऊन बसले होते, तेथे त्यांचे आधी चार हजार आणि मग तीस हजार पडले आणि कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्यांची पवित्र पेटी, हीसुद्धा शत्रूने नेली. मधली वीस वर्षे लोक परमेश्वरासाठी शोक करीत होते. ज्या नावाशी पराभव जोडलेला होता तेच नाव शमुवेलाने साहाय्याच्या खुणेला दिले, आणि उद्याचे वचन काहीच दिले नाही. पुढच्याच अध्यायात लोक त्याच्याकडे राजा मागतात, हेही लक्षात असू द्यावे. धोंडा उभारल्याने विसरणे थांबत नाही.

आणखी एक गोष्ट, प्रभुभोजनाची, जी आपण दर महिन्याला करतो म्हणून आपल्या ध्यानात येत नाही. प्रभूने 'माझ्या स्मरणार्थ हे करा' असे सांगितले ते ज्या रात्री त्याला धरून दिले त्या रात्री, भाकर मोडताना. त्याने पाच हजारांना जेवू घातल्याचे स्मरण ठेवायला सांगितले असते तर आपले बरेच उपदेश सोपे झाले असते. मोडलेल्या शरीराचे स्मरण करा म्हणाला. परिचारिका ताईंनी सांगितलेल्या त्या दुसऱ्या बाईला या मेजावर जागा आहे, ती उरलेल्यांच्या साक्षीच्या मेहेरबानीवर नाही.

धागाकर्त्यांना एक सुचवतो. स्तोत्र १०३ सोबत ४४ वाचा. ते सुरू होते पूर्वजांनी सांगितलेल्या उपकारांनी, आणि नवव्या वचनापासून सूर फिरतो: पण आता तू आम्हांला टाकले आहेस. आम्ही तुला विसरलो नाही, करार मोडला नाही, तरीही आम्ही कापायच्या मेंढरांसारखे गणले गेलो. पौलाने रोमकरांस पत्र ८ मध्ये नेमके हेच वचन उचलले आहे, ख्रिस्ताच्या प्रीतीपासून आपल्याला कोण वेगळे करील, असे विचारताना. तक्रार त्याने पुसली नाही, जशीच्या तशी मध्ये ठेवली.

निवृत्त गुरुजी

पाळकसाहेबांच्या सूचनेला माझे अनुमोदन. एक व्यवहाराचे बोलतो. १९५३ साली यवतमाळात सुरू झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ साली पुण्याला गेली. ते योग्यच असेल, त्याबद्दल वाद नाही, पण संस्था जातात तेव्हा आठवण ठेवणारी माणसे आणि कागदही सोबत जातात. खेड्यातल्या मंडळीने आपली वही आपणच ठेवली पाहिजे. हजेरी आणि वर्गणीच्या नोंदवहीला जोडून आणखी एक साधी दोनशे पानी वही घ्यावी. साल, पाऊसपाणी कसे होते, कोणावर काय बेतले, कोण धावून आले, आणि जेथे कोणीच आले नाही तेथे तसे. शेवटचा रकाना लिहिताना सेक्रेटरीचा हात अडखळेल, पण तो वगळू देऊ नये. आणि नागपूरकर म्हणतात त्याप्रमाणे ही वही चांगल्या वर्षीही उघडावी, भाव बरा मिळालेल्या वर्षी तर नक्कीच.

धुऱ्यावरचा कास्तकार

सर्वांचे आभार. आता माझ्या मनात मांडणी अशी होत आहे. यंदा लिलाव ठेवणार नाही. ज्याच्या घरी जे असेल ते त्याने आणावे, कोंब फुटलेले सोयाबीनही आणावे, आणि काही नसेल तर रिकाम्या हाताने यावे. वेदीपुढे सडलेली बोंडे ठेवली तर अपमान होईल असे ज्यांना वाटते त्यांच्याशी मी बोलेन. हबक्कूक ३ मध्ये अंजिराला फूल नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरे नाहीत, अशी सरळ यादीच दिली आहे आणि मग 'तरी' येतो. ती यादी आमच्या गावची करून वाचायची, बँकेच्या नोटिशीसकट. ज्या भावाने बँकवाल्याचा प्रश्न विचारला त्याला उत्तर देता येईल असे मला वाटत नाही. पण आमच्या मंडळीत दोघे जण पूर्वी सोसायटीत कामाला होते, कर्जाच्या पुनर्गठनाचे कागद त्यांना कळतात. उपासनेनंतर ते दोघे ज्यांना नोटिसा आल्या आहेत त्यांच्यासोबत बसतील, असे काल ठरले आहे.

वावरवाली माय, आमचे गाव तुमच्यापासून फार लांब नाही. आपण त्या रविवारी येऊन स्तोत्र ४४ वाचाल काय? भाऊ तुम्हांला गाडीने घेऊन येतील.

वावरवाली माय

येते. पण पूर्ण स्तोत्र मी वाचणार नाही. पहिली आठ वचने गुरुजींनी वाचावीत, पूर्वजांनी काय सांगितले ते त्यांच्या तोंडी शोभते. नवव्यापासून शेवटपर्यंत मी वाचते. आणि भाऊ, वाचून झाल्यावर लगेच पेटीवाल्याला गीत सुरू करायला सांगू नका.

निवृत्त गुरुजी

मी दारव्ह्याहून सकाळच्या एसटीने निघेन. पहिली आठ वचने माझ्याकडे.